पुढच्या पायाला गुडघा नसतो! जनावरं काढताना या चुका टाळा

मी बडोद्याला दांडिया बाजारात घरीच मुलांना ड्रॉइंग शिकवते, आणि दरवर्षी तोच घोडा बघते: पुढचे पाय टेबलासारखे, मधे एक गाठ, आणि पाय उचललेला असला की नेमका उलट्या बाजूला वाकलेला. आया म्हणतात किती छान काढलाय. छानच आहे हो, पण तो चालणार कसा?

सगळा घोळ एकाच ठिकाणी आहे. ज्याला आपण पुढचा गुडघा म्हणतो ते मनगट असतं. मलाही हे उशिराच कळलं, आमची कुत्री लंगडायला लागली तेव्हा. डॉक्टरांना फोनवर म्हटलं पुढचा गुडघा सुजलाय, तर ते म्हणाले "ताई, कोपर की मनगट?" मी गप्प! मग त्यांच्या सांगण्यावरून हात फिरवला तर छातीच्या खालच्या कडेशी, मागे आलेलं टोकदार हाड लागलं, ते कोपर. म्हणजे पाय उलटा वाटत असेल तर आधी कोपर शोधा, छातीला जवळजवळ चिकटून. कोपराचं टोक मागे, आणि पाय उचलला की मनगटाखालचा भाग मागे दुमडतो, बस.

पटत नसेल तर रांगायच्या पोझमधे या आणि तळहात उचलून नुसत्या बोटांवर राहा, कुत्रा मांजर असेच उभे असतात, त्यांचा अंगठा वर लटकत राहतो, जमिनीला लागत नाही. गाय मधल्या बोटावर आणि अनामिकेवर उभी असते. घोडा तर फक्त मधल्या बोटावर, त्याचा खूर म्हणजे नखच ना! त्यामुळे खुराच्या वर लगेच घोटा काढला की पाय बुटका होतो. मनगट ते खूर हे अंतर चांगलं लांब ठेवा आणि तिथे मांस भरू नका, घोड्याला त्या भागात जवळपास नुसती हाडं आणि शिरा-दोऱ्याच असतात.

रावपुऱ्यात रस्त्यात बसलेली गाय उठताना बघा. आधी मागचं ढुंगण वर, आणि तोवर पुढे मनगटं टेकलेली. घोडा उलट, पुढचे पाय आधी लांब करतो.

खांद्याची चूक कोणाला दिसतच नाही. घोडा, गाय यांना कॉलर बोन नसतं, पुढचे पाय छातीला स्नायूंनीच बांधलेले असतात आणि घोड्याचं साधारण 60 टक्के वजन त्यांच्यावर. म्हणून खांदा बिजागरीसारखा फिक्स काढला की चित्र लाकडी वाटतं. मांजर दबकत चालताना पाठीवर दोन उंचवटे आळीपाळीने वर येतात ना, तेच ते, खांद्याची हाडं सरकतायत.

(वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलेली बोटं. पडद्यात काड्या कुठूनही नका काढू, मनगटातून फुटू द्या.)

कमाटीबागेतल्या म्युझियममधे ब्लू व्हेलचा सांगाडा आहे, तिथे पोरं सांगाड्याची लांबी बघत पळतात आणि मी त्यांना धरून पुढच्या पराशी आणते. दंडाचं आखूड जाड हाड, मग दोन हाडं, मग बोटं. एकाने विचारलं, हा हात दुमडतो कसा? दुमडतच नाही रे, कोपर जाम असतं, सगळं खांद्यातून हलतं. तेव्हा व्हेल काढलात तर पराला मधे कोपर देऊ नका.