लाकडी वस्तूला फिनिश देताना या चुका टाळा

बोटाला कोरडं लागलं की काम संपलं, ही या कामातली सगळ्यात मोठी गैरसमजूत. जवसाचं किंवा टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. वरून कोरडा वाटणारा चमचा आत अजून ओला असू शकतो. शुद्ध टंग तेल नीट मुरायला महिनाभर सहज जातो, कच्च्या जवसाच्या तेलालाही काही आठवडे लागतात. वस्तू सुरक्षित आहे की नाही, हे डब्यावरच्या नावापेक्षा या थांबण्यावर जास्त ठरतं.

मी स्वतः एक साधी परीक्षा करतो. वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवतो आणि सकाळी झाकण उघडल्या उघडल्या वास घेतो. तेलाचा किंवा थिनरचा उग्र दर्प आला, तर ती अजून वापरायची नाही. उघड्यावर हा वास विरून जातो, म्हणून डबा हवाच.

तेल जाड लावणं ही दुसरी चूक. एका चमच्याला मी भरपूर तेल लावून तसाच ठेवला होता. दोन आठवड्यांनीही त्याला अंगठा चिकटत होता आणि दांड्याच्या खाचेत पिवळट साय धरली होती. अशा वेळी वरून आणखी एक हात देऊ नका, चिकटपणा आतच कोंडला जातो. टर्पेंटाइनच्या फडक्याने साय पुसून काढा, वस्तू हवेशीर जागी ठेवा आणि पूर्ण सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा. पुढच्या वेळी तेल लावून पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं कोरड्या फडक्याने टिपून घ्या.

स्वयंपाकाचं तेल खाण्यायोग्य असतं, म्हणून तेच चोळावं असं अनेकांना वाटतं. शेंगदाण्याचं किंवा ऑलिव्हचं तेल घट्ट होत नाही, लाकडात राहून खवट होतं. चिरण्याच्या फळीला खवट वास यायला लागला असेल, तर साबण आणि गरम पाण्याने घासा, उभी ठेवून वाळवा, मग पॉलिश पेपर मारा. त्यानंतर फूड ग्रेड, म्हणजे अन्नाला लागलं तरी चालेल असं, मिनरल ऑइल (खनिज तेल) लावा. तेही सुकत नाही, पण खवटही होत नाही. धुण्यात निघून जातं, त्यामुळे फळी फिकी दिसू लागली की पुन्हा लावायचं. त्यात थोडं मधमाशीचं मेण वितळवून घातलं तर पाणी जरा जास्त काळ अडतं. मात्र हे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, तेव्हा गरम भांडं टेकवायच्या वस्तूला ते नको.

त्याच फळीला व्हार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेनचा कडक थर) देऊ नका. सुरीच्या चिरांतून पाणी आत शिरतं, पापुद्रे सुटतात आणि ते अन्नात जातात. शोभेच्या पेटीला तेच फिनिश उत्तम.

नावांवरही विसंबू नका. ‘बॉइल्ड’ जवस तेल आज बहुधा उकळलेलं नसतं. लवकर सुकावं म्हणून त्यात कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार घातलेले असतात. ‘टंग ऑइल फिनिश’ लिहिलेल्या डब्यात अनेकदा व्हार्निश आणि थिनरच जास्त असतं. ‘नैसर्गिक’ म्हणाल तर टर्पेंटाइनही झाडाचंच, तरी त्याची वाफ छातीला त्रास देते. घटक वाचा. ते लिहिलेलेच नसतील, तर तो डबा मुलांच्या वस्तूंना लावू नका.

मूल खेळणं चघळणारच, असं धरूनच चला. युरोपचं ईएन ७१-३ हे मानक खेळण्यातून शिसं, कॅडमियम असे घटक किती सुटतात ते तपासतं. अन्नाच्या भांड्यांसाठी ते नाही, ही गल्लत फार होते. लाखेचा चपडा खेळण्यांना चांगला. औषधी गोळ्यांनाही त्याचा लेप देतात. पण त्यावर सॅनिटायझर सांडलं तर तो विरघळतो.

आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल घट्ट होताना उष्णता सोडतं. बोळ्यात ती साठत जाते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. प्रत्येक फडकं उघड्यावर एकेकटं पसरून वाळवा, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. हे त्याच दिवशी, हात धुण्याआधी करा.