नव्या गड्याला पोशाख आणि हत्यार वापरायला देताना

शिवजयंती जवळ आली की मर्दानी खेळाच्या तालमीत नवी पोरं येतात आणि त्यांना डोक्यापासून पायापर्यंत सजवून उभं करायची घाई सुरू होते. पूर्ण संच एकदम देऊ नका. पहिल्या कार्यक्रमाला अंगरखा, चोळणा (विजार), शेला आणि मंदिल (जरीचं पागोटं) एवढं पुरतं. कापड घरी जाईल, पातं घरी जाणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी तोंडावर सांगून टाका.

त्यामागे कारण आहे. ९ इंचांपेक्षा लांब पात्याची तलवार किंवा भाला शस्त्र नियमांच्या यादीत येतो. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल, तर हातातली लाठीसुद्धा अडचणीची ठरते. दुचाकीच्या मागं तलवार बांधून निघालेल्या पोराला ‘बोथट आहे हो, साहेब’ एवढंच म्हणता येतं, आणि ते पुरत नाही. म्हणून हत्यारं एका कुलूपबंद पेटीतून, एका जबाबदार माणसाबरोबर आणि परवानगीच्या पत्राची प्रत घेऊनच मैदानावर न्यायची. तिथंच वाटायची, तिथंच मोजून परत घ्यायची.

माप घेताना गड्याला शर्टावर नको, बनियनवर उभा करा. अंगरखा छातीच्या मापापेक्षा चार इंच सैल हवा, म्हणजे ३८ छातीला ४२ चा. बंद बांधून दोन्ही हात डोक्यावर न्यायला लावा आणि मग दांडपट्ट्याचा (हात आत जाणाऱ्या मुठीची लांब, लवचीक तलवार) एक हात हवेत फिरवायला सांगा. काखेत ताण आला तर तो अंगरखा त्याचा नाही. शिवण काखेतच उसवते, कारण आरशासमोर हात खाली सोडून माप बघितलेलं असतं. चोळणा नाडीचा असल्यानं कमरेला जमून जातो, पण पोटरीत अडकतो. एकदा पूर्ण बैठक मारून बघितल्याशिवाय देऊ नका.

मंदिल नव्या गड्याला शिवून बसवलेला द्या. सुटं कापड बांधायला शिकेपर्यंत ते मैदानात तीनदा सुटतं. मिरवणुकीचे तुरेवाले बांधणीचे फेटे वेगळ्या ट्रंकेत ठेवा. शिवकालीन पथकात एक जरी घुसला तरी फोटोत तोच आधी दिसतो. (मनगटावरचं स्मार्ट घड्याळही.)

जोडे किंवा चपला उसन्या द्यायच्याच नाहीत. दुसऱ्याच्या पायाला सैल झालेली चप्पल उडीत निसटते आणि घामाचा प्रश्न वेगळाच. त्याला पहिला खर्च चप्पल लाईनीत (कोल्हापूरचा चपलांचा बाजार) करू द्या. साधी, बक्कल नसलेली, मागून पट्टा बांधून घेतलेली जोडी घ्यायला सांगा.

प्रत्येक कपड्याला आतून (अंगरख्याला मानेच्या पट्टीवर) सुती फीत शिवून धुण्यात न जाणाऱ्या शाईनं क्रमांक टाका: अं-१२, चो-७, शे-२०. वहीत क्रमांक, नाव, फोन, दिल्याची तारीख, परतीची तारीख आणि आधीचे दोष एवढे रकाने असू द्यात. दोषाच्या रकान्यात ‘ठीक’ लिहू नका. ‘डाव्या बाहीला दोन बोटं उसवलेलं, तिसरा बंद नवा’ असं लिहा. नंतरची वादावादी तिथंच मिटते. अनामत ५०० रुपये पुरे. ती नुकसानभरपाई म्हणून नसते, वेळेत आठवण राहावी म्हणून असते. अठराच्या आतल्या पोरांसाठी पालकांची सही घ्या आणि हातात लाकडी तलवारच द्या.

सरावाचं सामान देण्याआधी हातानं तपासा. लाठी उभी धरून गड्याच्या कानापर्यंत यावी. तिच्यावरून वरपासून खालपर्यंत कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तिथं चीर असते, डोळ्याला दिसो न दिसो. चिरलेली लाठी चिकटपट्टी गुंडाळून वापरू नका. ती दुसऱ्याच्या तोंडावरच फुटते. ढाल आतल्या मुठींना धरून झटका. खुळखुळ आवाज आला तर रिव्हेट सैल आहे. विट्याची (दोरी बांधलेला फेकायचा भाला) दोरी गाठीजवळ झिजते, म्हणून ती गाठ सोडून बघा. दांडपट्ट्याचं पातं खोबळ्याशी (हात आत घालायच्या मुठीशी) हललं तर ते सरळ बाजूला काढा. हलणारं पातं नव्याच काय, वस्तादाच्या हातातही नको.

आता सगळ्यात जास्त बिघडतं ते परत घेताना. ‘ठेव तिथं कोपऱ्यात’ म्हटलं की संपलं. कपडे कार्यक्रमानंतर तीन दिवसांत, धुऊन आणि पूर्ण वाळवून आले पाहिजेत. लाल-भगवा शेला पांढऱ्या अंगरख्याबरोबर भिजवला की अंगरखा कायमचा गुलाबी होतो. त्यामुळे देतानाच ओल्या पांढऱ्या फडक्यानं शेला घासून दाखवा, रंग फडक्यावर उतरलेला पोरानं स्वतः बघू दे. जरीचा मंदिल घरी धुवायचा नाही, सावलीत वारं देऊन परत आणायचा. गडी समोर असताना घडी उलगडा, काख, बंद आणि मानेची पट्टी बघा, वहीत खूण करा, मग अनामत द्या.

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालून आलेलं सामान वेगळंच प्रकरण असतं. ते ओलं ट्रंकेत गेलं तर दोन दिवसांत काळे डाग पडतात, आणि बुरशीचे ते डाग जात नाहीत. पंख्याखाली दोरीवर टाका, चामड्याचे पट्टे मात्र उन्हापासून आणि चुलीपासून लांब ठेवा, नाहीतर तडकतात. लोखंड पुसून मशीन ऑइलचा पातळ हात द्या. खोबरेल लावू नका, ते पुढं चिकट होऊन धूळ धरतं. तलवार म्यानात ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि पातं आतून गंजतं. म्यान मिरवणुकीपुरतं. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, जरीकाम काळं पडतं. त्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून ट्रंकेच्या कोपऱ्यात ठेवा.

परत आलेल्यातलं फाटकं काही असेल ते पुन्हा मांडणीत जाऊ देऊ नका. त्याची वेगळी पिशवी करा, क्रमांकासकट चिठ्ठी लावा आणि वैशाखातल्या शिवजयंतीच्या महिनाभर आधी शिंप्याकडं द्या. त्यानंतर शिंपी पुढची तारीख देतो.