पहिल्या तोड्यापासून उलटं मोजा

ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षबागा आता मणी सेटिंगच्या पुढे गेल्यात. विरळणीच्या टोळ्या बागेत आहेत, डाऊनीची, म्हणजे केवड्याची, धास्ती ओसरतेय आणि रात्री गार पडायला लागल्या की भुरी, ती पांढरी बुरशी, डोकं वर काढणार. अशा वेळी फोनवर हमखास एक प्रश्न येतो, "साहेब, हे मारलं तर रेसिड्यू येईल का?"

रेसिड्यू म्हणजे फळात उरलेला औषधाचा अंश. औषध मारलं की तो राहतोच. तोड्याच्या दिवशी तो किती उरलाय आणि माल ज्या देशात जायचा तिथे तेवढा चालतो का, हे विचारायला हवं.

एमआरएल, म्हणजे कमाल अवशेष मर्यादा, कशी ठरते ते आधी थोडक्यात. लेबलवरच्या डोसने चाचणीच्या प्लॉटवर फवारायचं, सांगितलेले दिवस थांबायचं आणि फळात किती अंश राहिला ते मोजायचं. मग तो माणसाच्या रोजच्या सुरक्षित सेवनाच्या हिशोबात बसतो का, हे तपासायचं. हा सेवनाचा आकडा काढताना, प्राण्यांवरच्या प्रयोगात ज्या मात्रेला अपाय दिसला नाही तिला सहसा शंभराने भागतात. त्यामुळे मर्यादेच्या जरा वर गेलेला घड खाऊन लगेच कोणी आजारी पडत नाही. पण कंटेनर अडायला तेवढं पुरतं.

एफएओ आणि डब्ल्यूएचओ या जागतिक अन्न आणि आरोग्य संघटनांचा कोडेक्स आयोग असे आकडे ठरवतो, पण ते पाळायचे की स्वतःचे ठेवायचे हे प्रत्येक देश बघतो. युरोपीय संघाची यादी स्वतःची आहे आणि ब्रेक्झिटनंतर ब्रिटनची त्याहून वेगळी. युरोपात ज्या औषधाला आकडा ठरलेला नाही त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो लागू होतं. मर्यादा ठरलेली नसेल तर आपल्या एफएसएसएआयचाही, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचाही, आकडा साधारण हाच, तेव्हा 'लोकलला काही बघत नाहीत' हे डोक्यातून काढा. शिवाय आकडे बदलत राहतात. भाताच्या करप्यावरच्या ट्रायसायक्लाझोलला युरोपात तांदळासाठी १ मिलिग्रॅम चालायचं. १ जानेवारी २०१८ पासून ते ०.०१ वर आणलं आणि बासमतीवाल्यांची झोप उडाली. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाची मंजुरी युरोपने २०२० मध्ये संपवली. गेल्या वर्षीची यादी खिशात ठेवून यंदा फवारू नका.

ही ठेच आपल्याला दोनदा लागलीय. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षात मिथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश सापडले आणि त्यातूनच निर्यातीच्या बागांची नोंदणी, नमुना आणि प्रयोगशाळा ही साखळी उभी राहिली. दुसरी ठेच २०१० ची. क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे आपलं लिहोसिन किंवा सीसीसी. युरोपची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम प्रतिकिलो होती, माल बंदरात अडकला आणि बागायतदार कर्जात. हे काही कीडनाशक नव्हे. वाढ रोखून घडनिर्मिती व्हावी म्हणून आपण ते खरड छाटणीनंतर, एप्रिल-मेमध्ये मारायचो. फवारलं उन्हाळ्यात आणि सापडलं पुढच्या फेब्रुवारीच्या मण्यात, कारण ते वेलीतच साठून राहतं. अंशाचा हिशोब ऑक्टोबरला सुरू होतो असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता ०.०१ म्हणजे किती, ते एकदा हाताने मोजू. एक टन द्राक्षात १० मिलिग्रॅम. तेरा-चौदा टनांच्या अख्ख्या कंटेनरमध्ये १३०-१४० मिलिग्रॅम, म्हणजे तापाच्या पाचशेच्या गोळीचा जेमतेम पाव तुकडा.

हा हिशोब मी एका बागायतदारासमोर कागदावर मांडला, तो त्याचा रिपोर्ट फेल झाल्यावर. क्लोरपायरिफॉस आलेलं. "बागेत थेंब मारला नाही," असं तो शपथेवर सांगत होता आणि फवारणीची वहीही तेच सांगत होती. तासभर बोलल्यावर निघालं की स्वतःचा पंप बिघडला म्हणून एका फवारणीला चुलतभावाचा ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरवरचं फवारणी यंत्र, आणला होता. भावाने त्याच्या आदल्याच दिवशी डाळिंबावर काम उरकलेलं. टाकी रिकामी होती, पण रिकामी म्हणजे धुतलेली नव्हे. पंप, फिल्टर आणि पाइप मिळून तीनेक लिटर द्रावण सहज राहतं. ५० ईसीचं, म्हणजे लिटरमध्ये ५०० ग्रॅम मूळ विष असलेलं, औषध पाण्याच्या लिटरला २ मिली घेतलं असेल तर त्या तीन लिटरात ३,००० मिलिग्रॅम मूळ विष आहे. एकराला १० टन माल धरा, त्याला मुभा एकूण १०० मिलिग्रॅमची. तीन हजारांतला दहावा हिस्सा जरी घडांवर बसला तरी मर्यादेच्या तिप्पट.

म्हणून निर्यातीच्या प्लॉटला ब्लोअर आपलाच ठेवा. मागून आणावाच लागला तर फिल्टरची वाटी उघडून जाळी काढा, निरमा टाकलेलं पाणी पाइपातून आणि सगळ्या नोझलमधून पाच मिनिटं जाऊ द्या, मग साध्या पाण्याने दोनदा. हे पाणी बागेच्या बांधावर, विहिरीजवळ किंवा नाल्यात सोडायचं नाही.

आता तारखांचं बघू. पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी ते तोडा यांतले दिवस. बहुतेकजण ते फवारणीच्या दिवशी पुढे मोजतात आणि फसतात. उलटं मोजा. समजा छाटणी १५ ऑक्टोबरची आहे आणि गोडी लवकर भरली तर पहिला तोडा १५ फेब्रुवारीला होऊ शकतो. मग ६० दिवसांचं औषध १७ डिसेंबरनंतर बंद आणि ४५ दिवसांचं १ जानेवारीनंतर बंद. या तारखा मी पाच-सात दिवस आणखी अलीकडे ओढतो, कारण व्यापारी दर वाढला की लवकर तोडतो. शेवटच्या तोड्यावरून हिशोब कधीच करू नका. दिनदर्शिकेवर लाल पेनाने औषधाचं नाव लिहून ती पंपाच्या खोलीत लावा, घरात नको. फवारणारा माणूस तिथे असतो.

दिवस कुठले धरायचे? डब्यावरचे नव्हेत, ते देशातल्या मर्यादेवर बेतलेले असतात. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची परिशिष्ट ५ ची चालू हंगामाची यादी घ्या. निर्यातीचे दिवस तिच्यात आहेत आणि द्राक्षाला लेबल क्लेम असलेलीच, म्हणजे द्राक्षावर वापरायला अधिकृत मान्यता असलेलीच, औषधं तिच्यात आहेत. दुकानदाराने सुचवलेलं नाव त्या यादीत नसेल तर विषय संपला.

हे दिवस त्या यादीतल्या डोसपुरतेच खरे. एखाद्या औषधाचा अंश दर दहा दिवसांनी निम्मा होत असेल आणि तुम्ही डोस दुप्पट केला, तर त्याच आकड्याला यायला आणखी दहा दिवस लागतात. कडाक्याच्या थंडीत तर अंश विरायलाही वेळ लागतो.

जीएच्या डिपिंगमध्ये, म्हणजे मणी फुगवायला घड जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवताना, 'जाता जाता' कीटकनाशक टाकायची सवय सोडा. घड बादलीत बुडतो, तेव्हा औषध सगळंच्या सगळं घडावर. आणि ती रोज नव्या नावाची टॉनिकं! 'शंभर टक्के जैविक' म्हणून आणलेल्या बाटलीने चार दिवसांत थ्रिप्स (फुलकिडे) साफ झाले तर खुश होऊ नका. आत काय आहे ते लेबलवर लिहिलेलं नसतं, पण प्रयोगशाळेच्या मशिनला दिसतं. पक्कं बिल आणि बॅच नंबर नसेल तर ती बाटली निर्यातीच्या प्लॉटमध्ये नेऊ नका.

प्रयोगशाळेसाठी नमुना घेतला की त्या प्लॉटमध्ये फवारणी बंद. त्यानंतर काही मारावं लागलंच तर निर्यातदाराला कळवा आणि नमुना पुन्हा द्या. लपवलेलं पुढे सापडतं आणि तेव्हा नंबर तुमच्या प्लॉटचा असतो.

राहता राहिला अवकाळी पाऊस. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी पिकायला लागल्यावर, ढग आले की हात थरथरतात, हे मलाही माहीत आहे. भुरीला या काळात गंधक किंवा ॲम्पेलोमायसिस, बॅसिलस, ट्रायकोडर्मा ही जैविकं यांवरच राहा. गंधक कडक उन्हात नको आणि मण्यांवर डाग पडणार नाहीत एवढ्या बेताने घ्या. कॅनोपी, म्हणजे वेलीचा पानोरा, मोकळी करा, घडाजवळची पानं काढा. निम्मी भुरी तिथेच थांबते. तरीही रासायनिक मारावंच लागलं तर तोडा पुढे ढकला, नाहीतर त्या प्लॉटची निर्यात सोडा.

'मग बेदाण्याला टाकू' हा मात्र उपाय नाही. चार किलो द्राक्षं वाळून एक किलो बेदाणा होतो. पाणी उडतं, औषध तेवढं उडेलच असं नाही, आणि तासगावचा बेदाणाही परदेशात तपासला जातो.