रोबोटिक्सचा प्राध्यापक नेमताय? सोलापूरच्या संस्थांनी या चुका टाळाव्यात

‘सोलापूरला चांगला माणूस येतच नाही’ हे वाक्य संस्थाचालकांच्या बैठकीत इतक्या सहज उच्चारलं जातं, की जाहिरात निघण्याआधीच हार मान्य झालेली असते. रोबोटिक्स, सिग्नल प्रोसेसिंग (आवाज, ईसीजी अशा संकेतांचं विश्लेषण), इमेज प्रोसेसिंग (प्रतिमांचं विश्लेषण) शिकलेला माणूस पुण्या-हैदराबादलाच राहणार, असं धरूनच चालायचं. मग पद भरायचं म्हणून भरायचं, आणि दोन वर्षांत रोबोटिक आर्म कव्हराखाली धूळ खात पडायचा. माझं मत वेगळं आहे. अर्ज येत नाहीत त्याला बहुतेक वेळा शहर नाही, जाहिरात कारणीभूत असते. आलेला चांगला उमेदवार निसटतो तो मुलाखतीच्या टेबलावर.

एका पदात पाच माणसं शोधणं

‘रोबोटिक्स, एआय, आयओटी, ड्रोन व इमेज प्रोसेसिंगमध्ये प्रावीण्य आवश्यक’ अशी जाहिरात वाचून खरा तज्ज्ञ पान उलटतो. या सगळ्यात प्रवीण असल्याचं सांगणाराच तेवढा अर्ज करतो. एकट्या रोबोटिक्समध्येच कुणी रोबोच्या हाताच्या सांध्यांचं गणित करतो, कुणी कंट्रोल म्हणजे हालचालींचं नियंत्रण, तर कुणी कॅमेरा आणि लायडारवरून (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) रोबोला आजूबाजूचं भान देतो. यातल्या तिसऱ्याचंच इमेज प्रोसेसिंगशी जवळचं नातं असतं. सिग्नलवाला कदाचित आयुष्यभर ईसीजी किंवा बोलण्याच्या आवाजावरच काम करत आलेला असेल. म्हणून आधी विभागप्रमुखांनी एक साधा प्रश्न सोडवावा: येत्या जूनपासून हा माणूस नेमके कोणते विषय शिकवणार आणि कोणत्या लॅबची किल्ली त्याच्याकडे असणार? उत्तर दोन ओळींत मावत नसेल, तर जाहिरात अजून तयार झालेली नाही.

‘संबंधित शाखा’ छाननीपर्यंत लांबवणं

या क्षेत्रात बी.ई. मेकॅनिकल, एम.ई. इलेक्ट्रॉनिक्स आणि पीएच.डी. कॉम्प्युटर व्हिजनमध्ये, असा प्रवास अगदी सर्रास असतो. छाननीच्या टेबलावर मात्र पदवीवरचं नाव पाहून अर्ज बाजूला पडतो आणि विभागाला ते कळतही नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक परिषदेच्या 2019 च्या नियमांत सहयोगी प्राध्यापकासाठी संबंधित शाखेतली पीएच.डी., पदवी किंवा पदव्युत्तरपैकी एकीकडे प्रथम वर्ग, मान्य यादीतल्या नियतकालिकांत किमान 6 शोधनिबंध आणि 8 वर्षांचा अनुभव लागतो. त्या अनुभवातली किमान 2 वर्षं पीएच.डी.नंतरची हवीत. ‘संबंधित’ म्हणजे आपल्या या पदासाठी कोणकोणत्या शाखा, हे नियमांशी ताडून आधी ठरवा आणि जाहिरातीत छापा. मुलाखतीच्या दिवशी यावर वाद निघाला, तर निवड मान्यतेला अडकलीच म्हणून समजा. बिंदुनामावलीचंही, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं हे ठरवणाऱ्या नोंदीचंही, तसंच. ती तपासून घेतल्याशिवाय जाहिरात देण्याची घाई महागात पडते.

शोधनिबंध मोजणं, वाचणं मात्र नाही

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. अजूनही काही जाहिरातींत ‘यूजीसी-केअर यादीतील शोधनिबंध’ असं छापलेलं असतं. दर्जेदार मानलेल्या नियतकालिकांची ती यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2025 मध्ये बंद केली. नुसता आकडा पाहून किती चकायला होतं, याचं उदाहरण हवं असेल तर हिंदावी या प्रकाशनाचं घ्या. त्यांच्या नियतकालिकांतून 2023 या एका वर्षात 8,000 हून जास्त लेख मागे घेतले गेले. उमेदवाराच्या यादीतला एखादा लेख मागे घेतलेला नाही ना, हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. तेवढी फुरसत कुणीतरी काढायला हवी.

उलट बाजूही आहे. रोबोटिक्समधलं उत्तम काम बऱ्याचदा नियतकालिकात न येता परिषदेत येतं. 1984 पासून भरणारी रोबोटिक्सची आयसीआरए किंवा सिग्नल प्रोसेसिंगमधली 1976 पासूनची आयकॅस्प या आंतरराष्ट्रीय परिषदांत पूर्ण निबंध तज्ज्ञांकडून तपासून घेतला जातो. आपल्याकडे मात्र ‘कॉन्फरन्स पेपर’ म्हटलं की सरसकट नाक मुरडलं जातं. किमान पात्रता मोजताना नियम पाळावेच लागतील. पण पात्र ठरलेल्यांतून निवडताना आयसीआरएतला एक निबंध कुठल्याशा नियतकालिकातल्या चारांपेक्षा जड असू शकतो, हे समितीतल्या निदान एका विषयतज्ज्ञाला माहीत हवं. विषयतज्ज्ञ म्हणून ओळखीतले पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे सर बोलावले, तर ते होणार नाही.

मुलाखतीत व्याख्या विचारणं

‘कन्व्होल्यूशन म्हणजे काय?’ याचं उत्तर पाठ असतं. त्यापेक्षा उमेदवाराचाच एक निबंध पुढ्यात ठेवा आणि विचारा, ‘99 टक्के अचूकता आली म्हणता, तर मॉडेलला शिकवायला आणि तपासायला डेटा कसा विभागला होतात?’ समजा, त्याने चादरीच्या कापडातले दोष कॅमेऱ्याने ओळखणारं मॉडेल केलं आहे. एकाच ताग्याच्या फोटोंचे काही तुकडे शिकवायला आणि काही तपासायला वापरले असतील, तर मॉडेल दोष ओळखत नाही, तो तागाच ओळखतं. दुसऱ्या मागावरचं कापड पुढे आलं की अचूकता कोसळते. वैद्यकीय प्रतिमांत एकाच रुग्णाचे फोटो दोन्हीकडे गेले की हेच होतं. जाणकार माणूस हा प्रश्न ऐकून खुलतो आणि स्वतःच्या कामातल्या त्रुटी आपणहून सांगू लागतो. ज्याने नुसता कोड चालवला आहे, तो मॉडेलचं नाव पुन्हा एकदा सांगतो.

रोबोटिक्सच्या उमेदवाराला विचारा, की सिम्युलेशनमध्ये नीट चालणारा रोबो प्रत्यक्ष फरशीवर का भरकटला? चाकं घसरणं, सेन्सरमधला गोंगाट, बॅटरी उतरणं, संदेश उशिरा पोहोचणं, यातलं काहीच ओठावर आलं नाही, तर त्या माणसाने खऱ्या रोबोला हात लावला आहे का, याची शंका घ्या. आरओएस (रोबो चालवण्यासाठीची मुक्त सॉफ्टवेअर प्रणाली) वापरतो म्हणाला, तर आवृत्ती विचारा. तिच्या पहिल्या पिढीतल्या नोएटिक या शेवटच्या आवृत्तीचा अधिकृत आधार मे 2025 मध्येच संपला. त्यावरच थांबला असेल तर हरकत नाही, पण पुढे कसं जाणार ते त्याला सांगता आलं पाहिजे.

प्रात्यक्षिक तासाला प्रोजेक्टर बंद ठेवा आणि खडू द्या. विद्यार्थी म्हणून दुसऱ्या वर्षाची खरी मुलं बसवा, स्टाफ नको. सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना का दिसतात, हे मुलांना मराठी-इंग्रजी मिसळून दहा मिनिटांत पटवणारा माणूस सॅम्पलिंग, म्हणजे सलग संकेताचे ठरावीक अंतराने नमुने घेणं, शिकवू शकतो. स्लाइड्स पाहिल्याच, तर इमेज प्रोसेसिंगमध्ये वर्षानुवर्षं नमुना म्हणून वापरलेलं जुनं लेना नावाचं छायाचित्र अजून दिसतंय का बघा. आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ते वापरलेले निबंध 1 एप्रिल 2024 पासून घेणं बंद केलं. नापास करायला हे कारण होत नाही, पण अलीकडचं वाचन किती, हे कळतं.

फक्त पुण्याकडे बघणं

विजयपूर आणि कलबुर्गी आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहेत, हैदराबाद तीनशेच्या आसपास. कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्याला सोलापूर परकं वाटत नाही, शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागात तर त्याला घरच्यासारखं वाटेल. तरीही जाहिरात तिकडे पोहोचवण्याचं कुणाच्या मनात येत नाही. एवढंच, की परराज्यातल्या उमेदवाराचा विचार खुल्या जागेवर होतो, हे आधीच सांगून टाका.

पुण्यातल्या पगाराशी बरोबरी करायला जाऊ नका, जमणार नाही. काम दाखवा. यंत्रमागावरच्या टॉवेल-चादरी, केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आणि डाळिंबावरचा तेल्या रोग, जवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळरानावरचे पक्ष्यांचे आवाज: इमेज आणि सिग्नलवाल्याला इतका खरा डेटा दारात मिळणं दुर्मीळ आहे. उमेदवाराला मुलाखतीच्या आदल्या दिवशी एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात नेऊन आणा. जोडीदाराच्या नोकरीचं, मुलांच्या शाळेचं आणि नळाला किती दिवसांआड पाणी येतं याचंही खरं उत्तर द्या. नाहीतर ते त्याला रुजू झाल्यावर कळतं आणि तो पहिल्याच दिवाळीत परत जातो.

शिकवण्याचा भारही लपवू नका. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास आहेत. त्यावर नॅक मूल्यांकनाचं काम, प्रवेश समिती आणि परीक्षा विभाग लादून पुन्हा संशोधन मागितलं, तर रोबो कव्हराखालीच राहणार.

पूर्णवेळ माणूस मिळेना, म्हणून विषयच गुंडाळणं

चाकणच्या ऑटोमेशनमध्ये पंधरा-वीस वर्षं घालवलेला इंजिनियर पीएच.डी. नसेल, पण प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस, म्हणजे उद्योगातल्या अनुभवावर नेमलेला प्राध्यापक, म्हणून चालतो. यूजीसीच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान 15 वर्षांचा अनुभव लागतो आणि अशा जागा मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत ठेवता येतात. ही नेमणूक मंजूर पदांच्या व्यतिरिक्त असते, त्यामुळे नियमित पद भरण्यातून सुटका होत नाही. पण तोवर लॅब तरी चालू राहते.

आणि निवड झाली की लगेच पत्र द्या. चांगल्या उमेदवाराला सध्याच्या संस्थेतून सुटायला दोन-तीन महिने सहज लागतात, म्हणून जूनला माणूस हवा असेल तर जाहिरात जानेवारीत, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा चालू असतानाच निघायला हवी. प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या उमेदवारालाही फोन करून कुठवर आलंय ते कळवत राहा. पहिला आला नाही, तर तोच येणार आहे.