शब्दांची साल काढायची रीत

नौपाड्यात माझ्याकडे संध्याकाळी नववीतली सहा मुलं येतात. इंग्रजी शब्द घोकायची आणि तलावपाळीला पोचेपर्यंत विसरायची. म्हणून घोकंपट्टी बंद केली. आता आम्ही शब्दांची साल काढतो.

वहीचं एक पान एकाच मुळाला द्यायचं. लॅटिनमध्ये युद्ध म्हणजे ‘बेल्लुम’. ‘रिबेल’चा ‘रि’ सोलायचा. ‘रि’ म्हणजे पुन्हा. हरलेला पुन्हा लढायला उठला की झाला रिबेल. ‘बेलिजरंट’, म्हणजे लढणारा, त्याच घरातला. ‘ड्युएल’, म्हणजे द्वंद्वयुद्ध, तोही तिथलाच, कारण बेल्लुमचं जुनं रूप ‘दुएल्लुम’.

दुसरं पान काळाचं, ‘टेम्पुस’. टेंपररी म्हणजे काही काळापुरतं. कंटेंपररी आणि आपला समकालीन, दोन्हींची घडण अगदी एक. एक्स्टेंपोर म्हणजे ऐनवेळचं भाषण. “बाई, मग सामानाचा टेम्पो?” मागच्या बाकावरून आलं. हसू पिकलं, पण पोरगं बरोबर होतं! ते मुळात एका जर्मन गाडीचं नाव. जर्मनमध्ये टेम्पो म्हणजे वेग. तो शब्द इटालियनमधून आला, आणि त्याच्याही मागे टेम्पुसच.

मग भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढायचं, दुधाच्या खाड्यांसकट. सप्टेंबरात सप्त, ऑक्टोबरात अष्ट, नोव्हेंबरात नव, डिसेंबरात दश ऐकू येतं की नाही? मग सप्टेंबर नववा कसा? मुलांना बोटांवर मोजू द्या, लगेच सांगू नका. मार्चपासून मोजलं की जमतं, कारण रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून धरलेलं. मार्च हा युद्धदेव मार्सचा महिना. ग्रहांत तोच आपला मंगळ. रोमचे कॉन्सुल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेले सर्वोच्च अधिकारी आणि सेनापतीही, 15 मार्चला पदावर येत. हिस्पानियात, म्हणजे आजच्या स्पेनकडे, लढाई पेटली, सेनापती लवकर धाडायला हवा होता, म्हणून इ.स.पू. 153 पासून ते 1 जानेवारीला येऊ लागले. लढाईने तारीखच हलवली. हे सांगितलं त्या दिवशी तास संपला तरी कुणी उठेना.

आता तोतये. सैनिक ‘मार्च’ करतात त्याचा मार्सशी संबंध नाही. खुद्द ‘वॉर’ आणि ‘टाइम’ लॅटिन नव्हेतच, जर्मानिक कुळातले. म्हणून नवा शब्द आधी पेन्सिलीने लिहायचा, शब्दकोशातली व्युत्पत्ती बघायची, मगच पेन फिरवायचं. काल एकीने बेल्लुमच्या पानावर शाळेची बेल लिहून ठेवली होती. पेनाने.