नागपुरात बसून मराठीत सायन्स न्यूजचा चॅनेल कसा सुरू करायचा

कॉलेज करता करता सायन्सच्या बातम्यांचा यूट्यूब चॅनेल काढायचाय असं बरेच जण म्हणतात आणि मग पहिले कॅमेरा शोधत बसतात. कॅमेरा राहू द्या, घरातला मोबाईल पुरे. पहिले हे ठरवा की आठवड्याला एकच बातमी घ्यायची पण ती नीट समजून घ्यायची. शास्त्रज्ञांना काय सापडलं हे सांगणारे मराठीत भरपूर आहेत, त्यांना ते कळलं कसं हे सांगणारे फार कमी, आणि पाहणाऱ्याला खरी मजा तिथेच येते.

बातमी व्हॉट्सॲप फॉरवर्डवरून किंवा दुसऱ्याच्या व्हिडिओवरून उचलू नका. युरेकअलर्ट या साइटवर जगभरच्या विद्यापीठांच्या प्रेस रिलीज येतात, आपल्याकडे इस्रोची साइट आहे, पीआयबी म्हणजे सरकारचं पत्र सूचना कार्यालय आहे. रिलीजमध्ये बहुतेक वेळा मूळ संशोधन पेपरची लिंक असते, ती उघडाच. सगळा पेपर डोक्यावरून गेला तरी ॲबस्ट्रॅक्ट (सुरुवातीचा सारांश), आकृत्या आणि शेवटचं डिस्कशन वाचा, अभ्यासात काय कमी राहिलं ते बरेचदा तिथेच लिहिलेलं असतं. प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, किती जणांवर, पेपर छापून आलाय की अजून प्रीप्रिंटच (बाकीच्या तज्ज्ञांनी तपासायच्या आधी ऑनलाइन टाकलेला मसुदा) आहे, हे वहीत लिहून काढा. आणि "धोका दुप्पट" असं दिसलं की किती वरून किती झाला ते शोधा, दहा हजारांत एकाचे दोन झाले तरी दुप्पटच म्हणतात.

जुलै 2023 मधलं एलके-99 आठवतं का? दक्षिण कोरियातल्या टीमने प्रीप्रिंट टाकला की नेहमीच्या तापमानाला, नेहमीच्या दाबाला चालणारा सुपरकंडक्टर (वीज अजिबात अडथळा न होता वाहू देणारा पदार्थ) सापडला, चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या खड्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. मग बाकीच्या लॅबनी तोच पदार्थ बनवून पाहिला तर त्यात कॉपर सल्फाइडची भेसळ निघाली, साधारण 104 अंश सेल्सिअसला त्या भेसळीची रचना बदलते म्हणून रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) धाडकन पडत होता, आणि शुद्ध स्फटिक केला तर तो चक्क इन्सुलेटर, म्हणजे वीज वाहूच न देणारा, निघाला! ऑगस्टमध्येच विषय जवळपास संपला. पहिल्याच दिवशी ज्याने "हा दावा आहे, अजून दुसऱ्या कोणी तपासला नाही" एवढं एक वाक्य बोललं, त्याचा व्हिडिओ आजही खरा आहे. ते वाक्य बोलायची सवय लावून घ्या, व्ह्यूज थोडे कमी आले तरी चालतील.

स्क्रिप्ट लिहून मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य तोडा. सुरुवातीला तीन मिनिटांच्या आतलंच करा, म्हणजे शॉर्ट्समध्येही बसतं.

आवाजावर मात्र मेहनत घ्या, चित्र थोडं अंधुक असलं तर लोक पाहतात पण आवाज घुमला की लगेच पुढे सरकतात. वायरवाला कॉलर माईक घ्या, भिंतीला गाद्या टेकवा. एप्रिल-मे मध्ये नागपुरात खरी अडचण कूलरची, तो चालू असला की घरघर येते आणि बंद केला की दहा मिनिटांत घामाघूम, म्हणून त्या दिवसांत पहाटेच रेकॉर्डिंग उरकून घ्या.

फोटो नासाचे बहुतेक वापरता येतात, ईएसओ या युरोपियन वेधशाळेचेही क्रेडिट देऊन चालतात, न्यूज चॅनेलच्या क्लिपा नको. सगळ्यात भारी म्हणजे कागदावर स्वतः आकृती काढत काढत वरून शूट करा.

आणि आपल्या गावाकडे पाहा ना! पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी इथे आहे, कापूस आणि लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संशोधन संस्था इथे आहेत. विद्यार्थी आहोत, अमुक पेपर वाचला, हे दोन प्रश्न आहेत, असा मुद्देसूद मेल टाकला तर उत्तर यायची शक्यता बरीच वाढते. पेंच जानेवारी 2024 मध्ये देशातला पहिला डार्क स्काय पार्क (तारे नीट दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार जपलेली जागा) झाला, त्यावर तर हिवाळ्यात मस्त व्हिडिओ होईल: चंद्र नसलेल्या रात्री सीताबर्डीच्या गच्चीवरून आणि पेंचजवळच्या गावातून, एकाच मोबाईलने, एकाच सेटिंगवर मृग नक्षत्राचा फोटो काढा आणि दोन्हींतले तारे मोजून दाखवा.

चूक निघाली तर व्हिडिओ गुपचूप उडवू नका, काय चुकलं ते कमेंटमध्ये लिहून पिन करा. पैशाचा विचार सध्या नको, जाहिरातींचे पैसे सुरू व्हायलाच 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तासांचा वॉच टाइम किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. परीक्षेच्या आधी लोणार सरोवरासारख्या शिळ्या न होणाऱ्या विषयांचे दोन-तीन व्हिडिओ बनवून शेड्यूल करून ठेवा, म्हणजे पेपर चालू असताना चॅनेल आपोआप चालत राहतो.