चार पानी मासिक पत्रकाचे वाचक हळूहळू कसे वाढवावेत

बडोद्यात मराठीतून नियमित लिहिणारी, पण आपले लेखन नातेवाइकांपलीकडे जात नाही अशी खंत बाळगणारी मंडळी मला वारंवार भेटतात. स्वतःचे लेखन दर महिन्याला चार पानांत छापून वाटणे हा त्यांच्यासाठी झेपण्यासारखा मार्ग आहे. ए-थ्री आकाराचा कागद दोन्ही बाजूंनी छापून मध्ये दुमडला की ए-फोरची चार पाने तयार होतात. शंभर-दीडशे प्रतींपर्यंत झेरॉक्स किंवा डिजिटल छपाईच परवडते, कारण ऑफसेटला प्लेट बनवण्याचा खर्च आधीच करावा लागतो आणि तो प्रती पुष्कळ असतील तरच वसूल होतो. सार्वजनिक घडामोडींच्या बातम्या किंवा त्यांवरील भाष्य ठरावीक काळाने छापणार असाल, तर नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा पाहून नोंदणी आधी करून घ्यावी.

सुरुवात वाचक ठरवण्यापासून करावी. आपल्याकडच्या अनेक मराठी घरांत आजी-आजोबा मराठी पुस्तके वाचतात, आईवडील सकाळी गुजराती वर्तमानपत्र वाचतात आणि इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवंडांना देवनागरीची ओळख असते ती शाळेतल्या हिंदीमुळे. या तिसऱ्या पिढीला मराठी कळते, पण बारीक अक्षरांतला सलग मजकूर दिसला की ती कागद बाजूला ठेवते. म्हणून टाइप चौदा पॉइंटचा घ्यावा, परिच्छेद छोटे ठेवावेत आणि चारपैकी एक पान असे लिहावे की ते आजीने नातवाला मोठ्याने वाचून दाखवावे. माझ्या पत्रकात हे पान जुन्या वाड्यांविषयी असते: वाडा कोणी बांधला, विहीर कुठे होती, चौक कधी बुजवला. सर्वांत जास्त बोलणे याच पानावर होते, कारण प्रत्येक घराला त्यात भर घालण्यासारखे काही आठवते.

दुसरी गोष्ट तारखेची. पत्रक महिन्याच्या पहिल्या रविवारी निघते असे एकदा सांगितले की ते त्याच रविवारी हाती पडले पाहिजे. त्यासाठी पहिला अंक वाटण्यापूर्वी तीन अंकांचा मजकूर तयार ठेवावा. हा साठा हाताशी असला म्हणजे घरातले आजारपण किंवा लग्नकार्य आले तरी खंड पडत नाही. माझ्या पहिल्या वर्षी असा साठा नव्हता आणि पावसाळ्यात दोन महिने अंक निघाला नाही. पुन्हा सुरू केल्यावर आधीच्या वाचकांपैकी निम्म्यांकडे मला नव्याने जावे लागले.

पहिल्या सहा महिन्यांत पंचवीसपेक्षा जास्त प्रती छापू नयेत. त्या प्रत्येक प्रतीमागे एका वहीत नाव लिहावे आणि पुढच्या अंकाच्या वेळी त्या व्यक्तीला एकच प्रश्न विचारावा: कोणता भाग अर्धवट सोडला? "छान होते" या उत्तरातून काही हाती लागत नाही. "दुसऱ्या पानावर थांबले, नावे फार होती" या उत्तराने पुढचा अंक सुधारतो.

आता मुख्य पायरी, म्हणजे एक प्रत अनेक घरांत फिरवण्याची. तिचा धडा आपल्याच शहरात आहे. बडोदे संस्थानात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल तर शिकलेली अक्षरे विसरली जातात, हे सयाजीराव महाराजांनी ओळखले होते. त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावले, ग्रंथालयांचे जाळे उभारले आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगावी पाठवण्याची व्यवस्था केली. गावकऱ्यांनी शहरात येऊन पुस्तक मागावे, अशी अपेक्षा त्या व्यवस्थेने ठेवली नाही.

आपणही हेच लहान प्रमाणात करावे. मागचे तीन अंक जाड पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये दोऱ्याने बांधावेत आणि आत एक कोरा कागद लावावा. वाचून झाल्यावर त्यावर फक्त घराचा भाग लिहावा, दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा असा, आणि फाइल पुढच्या घरी द्यावी. नाव किंवा फोन नंबर मागू नये, त्याने लोक बिचकतात. अशा पाच फाइल पुरतात. दोन महिन्यांनी त्या परत आल्या की कागदावरून पत्रक कुठवर गेले हे दिसते, आणि ज्या भागाचे नाव पुन्हा पुन्हा येते तिथे पुढची दहा प्रतींची भर घालावी. गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा भजनी मंडळात गठ्ठा ठेवून निघून येण्यापेक्षा हा मार्ग संथ आहे, पण मंडपातले गठ्ठे बहुतेक वेळा प्रसादाखाली जातात.

वाचकांची पत्रे छापावीत, चूक दाखवणारी तर आधी छापावीत. एका वाचकाने माझ्या लेखातली विहीर चुकीच्या चौकात असल्याचे कळवले, आणि ते पत्र छापल्यावर त्याच वाड्यातल्या तीन कुटुंबांनी अंक मागितला.

दिवाळीत मात्र पाने वाढवावीत. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची असल्याने त्या दिवसांत मराठी घर वाचायला तयार असते आणि पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणेही प्रत सोबत नेतात.

वाढ मोजताना वाटलेल्या प्रती मोजू नयेत. अंक उशिरा आला तर किती जणांनी विचारले, किती फाइल परत आल्या आणि किती पत्रे आली, एवढेच दर तीन महिन्यांनी वहीत नोंदवावे. वर्ष पूर्ण झाले की बारा अंक एकत्र बांधून घ्यावेत, पुढे लेखांची आणि वाड्यांची सूची जोडावी आणि एक संच जवळच्या वाचनालयाला द्यावा, म्हणजे उशिरा येणाऱ्या वाचकालाही पहिल्या अंकापासून सुरुवात करता येते.